मनीची उडी

मागच्या आठवड्यात आमची मांजर मनी चालता चालता एका बाजूला कलली आणि भिंतीवर धडकली. मान वाकडी, पाय लटपटणारे. मी तिला उचलून तडक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिचा कान तपासला. "आतून सूज आहे, म्हणून तोल जातोय. होईल बरी," ते म्हणाले. तरी आई चार दिवस तिच्याजवळ बसून चमच्याने मासळीचं पाणी पाजत होती.

आज सकाळी स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अगं, धावत ये! मनीनं ओट्यावर उडी मारली, दुधात तोंड घातलं!" एरवी ही तक्रार असती. आज आईचा आवाज आनंदाने फुटला होता. रोजच्या खोड्यांनीच घर किती भरलेलं असतं! पातेलं मनीपुढे सरकवून आम्ही दोघी हसत हसत कोरा चहा प्यायलो.