मेंढीच्या गळ्यातला रेडिओ

घाटनांदूरच्या स्टेशन रस्त्यावर आसारामचं दुरुस्तीचं दुकान तेवीस वर्षांपासून आहे. रेडिओ, टीव्ही, मोटारीचे स्टार्टर, मोबाइल, जे बंद पडेल ते त्याच्या टेबलावर यायचं. "आसारामकडं न्या, तो बगंल," असं कुणी म्हटलं की त्याची छाती फुगायची.

मागच्या वर्षी सटवा मेंढपाळाची मुलगी सुकन्या लातूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परतली आणि हे वाक्य कमी ऐकू यायला लागलं.

एकदा सटवा बॅटरी दुरुस्तीला घेऊन आला आणि दुकानात बसून लेकीचंच कौतुक सांगत राहिला. "आसारामभाऊ, पोरीनं मेंढरांसाठी पट्टा बनवलाय. आत नखाएवढा रेडिओ हाय. मेंढरू लांब गेलं की माझ्या हातातली डबी वाजती. सेल वरीसभर टिकतो म्हनं!"

"वर्षभर? कसा काय?"

"झोपतो म्हनं त्यो. पाच मिन्टाला जागा व्हतो, हाळी देतो, परत झोपतो."

"चायनाचा माल असंल," आसाराम म्हणाला. पण त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागलं नाही. आपण एवढी वर्षं लोकांच्या बंद वस्तू चालू करत बसलो आणि हिनं नवी वस्तूच केली, हे त्याला आत कुठंतरी टोचत राहिलं.

त्यानं गुपचूप तसंच एक नखाएवढं रेडिओ मॉड्यूल मागवलं. सवयीप्रमाणे पाच व्होल्ट दिले. त्या चिमुकल्या चिपला सव्वातीनच चालत होते. क्षणात जळका वास आला. ते त्यानं खणात फेकलं आणि बायको ताराबाईलाही सांगितलं नाही.

पुढं सुकन्यानं पट्टा दाखवायला माळावर चार गावच्या मेंढपाळांना बोलावलं. आसारामही गेला, मागं उभा राहिला. मेंढ्या दोनशे पावलंही गेल्या नसतील, तोच डबी उगाच कोकलायला लागली. मेंढ्या समोर दिसत होत्या, तरी डबी म्हणत होती, हरवल्या. लोक हसले. सुकन्याचं तोंड उतरलं. आसारामला मात्र कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

जवळून पट्टा पाहताच त्याला कारणही समजलं. अँटेनाची वायर मेंढीच्या मानेला चिकटून बसली होती. साखर कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे वायरलेस तो दुरुस्त करायचा. सेटची अँटेना अंगाला टेकली की आवाज तुटायचा, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. तो तसाच मागं फिरला. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चार दिवसांनी सुकन्याच दुकानात आली. पट्टा टेबलावर ठेवत म्हणाली, "काका, टेबलावर चालतो, माळावर चालत नाही. जरा बघता का?"

"मला ह्यातलं काय कळतंय, पोरी?" त्यानं पट्टा परत सरकवला.

"बरं." तिनं पट्टा उचलला. "मग डिप्लोमाला शिकवायचे त्या पुण्याच्या सरांनाच विचारते."

हे मात्र आसारामला सोसलं नाही.

"पुण्याचा सर काय सांगणार?" तो तडकलाच. "ही वायर अंगाला लागलीय, सगळा जोर मेंढीच खाती. वर काढ, मानंच्या वर उभी ठेव. बाजूला पत्र्याचं काही लावू नको."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली, पण सुकन्या तोवर सायकलवर बसली होती.

आठवडाभरात पट्टे टेकडीपलीकडून बोलायला लागले. आता आष्टीकडचे मेंढपाळही पट्टे मागतात. सुकन्या प्रत्येकाला आवर्जून सांगते, अँटेनाची अक्कल आसारामकाकांची. लोक मान हलवतात आणि म्हणतात, "सटवाची पोरगी लई हुशार हाय."

तिच्या आग्रहाखातर आसाराम दर शनिवारी तिच्या पडवीत जातो आणि नव्या पट्ट्यांची तपासणी करतो. भिंग डोळ्याला लावून सोल्डरचा एकेक टाका बघतो. एखादा तरी कच्चा सापडावा, असं त्याला मनापासून वाटतं. अजून सापडलेला नाही.