बदकं हाकणारी माय

समुद्र आमच्या गोंदियापासून कुठल्या कुठे! पण तलावाच्या काठाला फरशी बसवली, रंगीत लाइट लावले, पाणीपुरीचे ठेले आले आणि लोक त्याला चौपाटी म्हणायला लागले. म्हणोत बापडे. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांचा तो शिंगाड्याचा तलाव होता.

दसरा सरला की उत्तरेकडून रानबदकांचे थवे उतरायचे. नेमका तेव्हाच शिंगाडा तोडणीला आलेला. मग माय पहाटेच काठावर उभी राहून तेलाचा रिकामा पिपा बडवायची. "उठा मेल्यांनो! तुमच्या बापानं लावला का वेल?" बदकं उठायची, गोल फिरून पलीकडच्या टोकाला बसायची, की माय पिपा घेऊन तिकडे. मला हसू यायचं. पण एखाद्या वर्षी थवा उशिरा आला तर हीच बाई दहादा आभाळाकडे पाहायची. "काऊन नाही आले बाई अजून?"

काठ बांधला तसा शिंगाडा बंद झाला. बदकांना हाकायला कोणी उरलं नाही, आणि बदकंही येईनाशी झाली. दोन हिवाळे माय काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी तिनं अंथरूण धरलं, तेव्हा बोलली.

"मीच हाकललं त्यायले. जन्मभर हाकललं. पाण्यावर आलेल्याले असं कोणी हाकलते का?"

मला रागच आला. "काहीही बोलते माय तू! रात्रभर लाइट जळून राहिले, डीजे वाजून राहिला, कोण उतरन? इतकी वर्षं तुह्या पिप्यानं नाही गेले, अन् आताच गेले का?"

तिला पटलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला आता एवढंच हवं होतं, बदकं एकदा पाण्यावर बसलेली पाहायची. "बसले तं समजीन, राग गेला."

घर जवळच. मी रोज सकाळी तिला चाकाच्या खुर्चीवर काठाशी नेऊन बसवायची. पाण्यात पाणीपुरीचे द्रोण तरंगत असायचे. माय त्यांच्या पलीकडे बघत राहायची.

दिवाळीनंतर एका सकाळी आवाज आला. थवा! मी ओरडलेच, "माय, आले वो!" थवा इतका खाली आला की पंखांची शीळ ऐकू आली. आमच्या डोक्यावरून एक फेरी झाली, मग दुसरी. बसा रे बाबांनो, एकदा बसा, मी पुटपुटत होते. मायनं हात जोडले होते. तेवढ्यात थवा वर उठला आणि धानाच्या बांध्यांवरून दूर निघून गेला.

माय म्हणाली, "मले पाहूनच गेले. राग नाही गेला त्यायचा."

मी लाइटचं सांगायला तोंड उघडलं. पण तेव्हा लाइट बंद होते, ठेले झाकलेले होते, काठावर आम्हा दोघींशिवाय कोणीच नव्हतं. मी खुर्ची घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची काढली, तर माय भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"आता कायले?" म्हणाली.