सुदामचा मोजा

पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीवर होतं. खाली बर्फ, समोर दुश्मन. मी हवालदार, कन्नड तालुक्यातल्या धनगराचा पोरगा. माझ्या उशाला एक थैली असायची. सुतळी, बटणं, तारेचे तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ही सवय बापाची. बाप मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा. तिथं दुकान कुठलं? वाटेत दिसेल ते उचलायचा आणि पटक्याच्या शेवाला गाठ मारून ठेवायचा. मेंढराचा पाय मोडला की त्याच गाठीतून चिंधी निघायची.

लान्स नायक सुदाम फुलंब्रीचा, म्हणजे आमच्याच भागातला. मी सीनियर, तरी मला 'भंगारवाले' म्हणायचा. थैली उतारावर फेकून देतो, अशी रोजची धमकी. मला राग यायचा. पण बुटाची लेस तुटली की त्याचा हात माझ्याच थैलीत जायचा.

त्या दिवशी दुपारी आम्ही पुढच्या पिकेटला रसद पोचवून परत निघालो होतो. आमचं फर्स्ट एडचं सामान तिथल्या जखमी जवानाला दिलेलं. वाटेत गोळाबारी सुरू झाली. पहिला गोळा लांब पडला, दुसरा जवळ. सुदामच्या मांडीत स्प्लिंटर घुसला. रक्त थांबेना. माझ्या खिशात ट्यूबची एक पट्टी होती. ती जखमेच्या वर आवळली, काडी घालून पीळ दिला. रक्त थांबलं.

रेडिओवर कळवलं, "एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"वेदर खराब. वेट करा. आऊट."

धुकं उतरलं होतं. खडकाआड बसून मी त्याला बोलतं ठेवलं.

"भंगारवाले," सुदाम म्हणाला, "तुमचा बाप लई शहाणा माणूस."

खाली गेलास की त्यालाच सांग, म्हणालो. तो हसला. धुकं उठायच्या आत गेला. नंतर डॉक्टर साहेबांनी सांगितलं, बांधलं बरोबर होतं, पण रक्त आधीच फार गेलं होतं. ते वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

आता रिटायर होऊन शहरात, गारखेड्यात राहतो. पंक्चरच्या दुकानासमोर पाय आपोआप थांबतात. जुनी ट्यूब मागून आणतो, पट्ट्या कापतो, कपाटात ठेवतो. बायको वैतागते. पट्टी हातात घेतली की ओली लागते. कोरडी असते, मला ठाऊक आहे.

सुदामची ट्रंक घरी पोचवायला मीच गेलो होतो. त्याच्या आईनं दारात जयभीम केला. ट्रंकेत कपड्यांखाली एक लोकरी मोजा निघाला, गच्च भरलेला. आत बटणं, सुतळी, सेफ्टी पिना, एक दाभण. चोरून जमवत होता लेकाचा. आई बघतच राहिली. घरी असताना हा चांगल्या वस्तूसुद्धा फेकून द्यायचा म्हणे.

"हे कुठं शिकला?"

"माझ्याकडं बघून."

तो गेला त्या तारखेला मी दर वर्षी फुलंब्रीला जातो. आई मोज्यातली एकेक वस्तू वापरत आली. बटणं नातवाच्या शर्टाला लागली, सुतळीनं बाज आवळली, पिना तिच्या लुगड्याला. यंदा गेलो तर मोजा रिकामा. धुऊन दोरीवर वाळत घातलेला. मला ते बघवेना.

"वाळला की घेऊन जा," आई म्हणाली. "त्याचं सगळं कामाला आलं. तुमच्याजवळ ठेवायला लई असंल."

घेऊन आलो. कपाटात आता बोट शिरायला जागा नाही. त्या मोज्यात मात्र मी काही ठेवलेलं नाही.