खालाजानची उजळणी

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी स्वतःचं कफन कपाटात ठेवलंय, हे मला तिथे राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी कळलं. उन्हं चढली होती. मी गच्चीत मिरच्या वाळत घालायला गेले, तर दोरीवर लांबलचक पांढरं कापड टाकलेलं. एक नाही, लहानमोठे पाच तुकडे. कशालाच शिवण नाही, काठ नाही. त्या शेजारी स्टुलावर बसून कावळे हाकत होत्या.

"पडद्याचं कापड का खालाजान?" मी विचारलं.

"नहीं मां, पडदे काय के? मेरा कफन है," त्या म्हणाल्या. मग हजला गेल्या तेव्हा मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून, तिथेच वाळवून आणलं होतं, असं सांगितलं. दर वर्षी रमजानच्या आधीच्या महिन्यात त्या त्याला ऊन दाखवायच्या. कसर लागू नये म्हणून.

आमच्या घरी मरणाचं नाव काढलं तरी आई तोंडावर हात ठेवायची. आमचं मूळ बिदरकडचं, शेतीवाल्यांचं. हैदराबादेत तिसरी पिढी, पण ते भय गावाहून जसंच्या तसं आलेलं. मी मिरच्या न पसरताच खाली आले.

खालाजान एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत त्यांचा नवरा वारल्यापासून एकट्याच राहायच्या. एकुलती एक मुलगी कॅनडात. तिनेच जाताना दाराची दुसरी किल्ली माझ्याकडे दिली होती. मी घरूनच काम करायला लागले आणि दुपारच्या सुट्टीत त्यांच्याकडे चक्कर टाकायची सवय झाली. त्या दुपारची, जोहरची नमाज संपवत असायच्या. शेवटी उजव्या खांद्याकडे मान वळवून सलाम, मग डाव्या. दोन्ही खांद्यांवर एकेक फरिश्ता बसलेला असतो, एक चांगलं लिहितो, एक वाईट, असं त्या सांगायच्या. मी नेहमी डावीकडच्या खुर्चीवर बसायचे. ते ऐकल्यावर उजवीकडे बसायला लागले.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, औषधं. मग नमाज झाली की नाही हेच आठवेना. जानमाज, नमाजाची चटई, गुंडाळून ठेवायच्या आणि पाचच मिनिटांत पुन्हा वजू करायला, हातपाय धुवायला नळ सोडायच्या. मी म्हणायचे, "झाली ना खालाजान, आत्ताच झाली." त्या ओल्या हातांकडे बघत उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हे वाढतच जाणार असंही सांगितलं. मुलीने दिवसभरासाठी एक बाई ठेवली. ती दुपारी जेवायला घरी जायची, तेवढा तास माझा.

अशाच एका दुपारी मी किल्लीने दार उघडलं तर हाकेला उत्तर नाही. पडदे ओढलेले. घरभर कापराचा वास. आतल्या खोलीत पलंगावर त्या उताण्या पडल्या होत्या आणि गळ्यापासून पायांपर्यंत ते पांढरं कापड. डोकं बांधलेलं, तोंड पश्चिमेकडे वळवलेलं.

मी उंबऱ्यातच थांबले. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मग त्यांनी डोळे उघडले.

"डर गए क्या मां? नाप देख री थी. दुबली हो गई ना मैं."

मी रडायलाच लागले. त्यांनी उठून मला पाणी दिलं, त्याच कापडात. ग्लास धरलेला हात कफनातून बाहेर आलेला, तो मला अजून दिसतो.

मी शांत झाल्यावर त्यांनी खरं सांगितलं. माती देऊन माणसं परत फिरली की कबरीत दोन फरिश्ते येतात. माणसाला उठवून बसवतात आणि तीन प्रश्न विचारतात. तुझा रब कोण, तुझा दीन, म्हणजे धर्म, कोणता, तुझे नबी कोण. उत्तरं आली तर कबर रुंद होते, जन्नतीकडची खिडकी उघडते. नाही आली तर ती आवळत जाते. कयामतीपर्यंत.

"चालीस साल बच्चों का इम्तिहान ली मैं," त्या म्हणाल्या. "अब मेरा है, और मेरेकू कल का खाना याद नहीं रहता."

"पण खालाजान, तिथे काय पाठांतर लागतं का?"

"नहीं लगता. जवाब जबान नहीं देती, अमल देता है, किए सो काम. मालूम है मेरेकू. फिर भी." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुम पूछो. रोज पूछो. मैं टीचर हूं मां, उजळणी केल्याशिवाय मला झोप येत नाही." शेजारात राहून त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं. ते वाक्य त्यांनी मुद्दाम माझ्या भाषेत म्हटलं, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

तर रोज दुपारी मी, एक बिदरकडची मराठी बाई, कफन पांघरून पडलेल्या म्हातारीला कबरीतले प्रश्न विचारायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मला तरी कुठे खात्री होती.

पहिल्या दिवशी मी हळू आवाजात विचारलं. त्या रागावल्या. "प्यार से नक्को पूछो. वो प्यार से नहीं पूछते."

म्हणून मी आवाज चढवला. "तेरा रब कौन?" आमच्यात कुणी वडीलधाऱ्या बाईला अगंतुगं करत नाही. जीभ अडखळायची. "मेरा रब अल्लाह," त्या म्हणायच्या. दुसऱ्याला "मेरा दीन इस्लाम." तिसऱ्याला नबींचं नाव घेऊन त्यांच्यासाठीची दुआ, दरूद, म्हणायच्या आणि ओढणी डोळ्यांना लावायच्या. पहिल्या महिन्यात एकदाही चुकल्या नाहीत. पुढे दुसऱ्या प्रश्नाला अडायला लागल्या. छताकडे बघत ओठ हलवत राहायच्या, घामाने कपाळ भिजायचं. मी उत्तर सुचवायला गेले की हात वर करून थांबवायच्या. तिथे कोण सुचवणार?

मला मात्र वेगळीच भीती वाटायला लागली होती. माझा आवाज. दोन महिन्यांत तो प्रश्न विचारताना इतका कोरडा आणि खोल व्हायचा की माझा वाटायचा नाही. एकदा स्वयंपाकघरात माझ्या लेकीला "हे कुणी सांडलं?" असं विचारलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा वीज गेली होती. पंखा बंद, पलीकडच्या गल्लीतला जनरेटरही बंद. मी उंबऱ्यात होते, तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या पलंगावर उताण्या, कापड हनुवटीपर्यंत. डोळे उघडे होते, माझ्या दिशेने, पण माझ्यावर नाही. माझ्या खांद्यामागे थोडं वर.

"आ गए? दोनों?" त्या म्हणाल्या. "दूसरे कैकू बाहर खड़े? अंदर आओ."

माझ्या मागे फक्त जिना होता. मी वळून बघितलं नाही.

एखादा प्रश्न विचारायला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्या स्वच्छ, वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "मेरा रब अल्लाह."

पुन्हा तेवढीच शांतता. "मेरा दीन इस्लाम." महिनाभर ज्या उत्तरासाठी त्या घामाघूम व्हायच्या, ते असं सहज आलं.

तिसऱ्या वेळी थांबणं जरा लांबलं. मग नाव, दरूद. चेहरा सैल झाला. मानेमागून गार हवा गेल्यासारखं मला वाटलं. जिन्याची खिडकी उघडी असेल. मी ती नंतर बघितली, बंद होती, पण वाऱ्याने आपटूनही बंद झालेली असू शकते. मी स्वतःला तेच सांगते.

"खालाजान," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी सौजन्याने विचारलं, "आप कौन, मां?"

दुसऱ्या दिवशी मी नेमाने प्रश्न विचारायला बसले, तर त्या हसल्या. "हो गया ना. इम्तिहान दो बार नहीं होता." त्यानंतर कफन कपाटातून कधी निघालं नाही. वजू करायला त्या विसरल्या, कुराणातले सूरे विसरल्या, शेवटी उठणंही संपलं. पण अजान झाली की पडल्यापडल्या बोट उचलायच्या, एकच बोट, अल्लाह एक आहे म्हणून. भीती म्हणून उरली नव्हती. मलाच त्यांच्यासोबत एकटीने बसणं जड जायला लागलं. मी दार उघडं ठेवून बसायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका सकाळी त्या गेल्या. कॅनडातली मुलगी दोन दिवस आधीच पोचली होती. कफन कुठल्या खणात आहे हे मलाच ठाऊक, तेव्हा ते मीच काढून दिलं. आतल्या खोलीत नात्यातल्या बायकांनी गुस्ल, शेवटची आंघोळ, घातली, मी बाहेर बसले. मग शेवटच्या दर्शनाला, दीदारसाठी, मला बोलावलं. त्या कापडात मी त्यांना इतक्यांदा बघितलं होतं की या वेळी काही वेगळं आहे हे मनाला पटेना. मी डोळे उघडायची वाट बघत राहिले. मुलीने मला हलकेच बाजूला केलं.

तिसऱ्या दिवशी जियारत, मृतासाठीची प्रार्थना, झाली. पाहुणे गेल्यावर त्यांची मुलगी माझ्यापाशी येऊन बसली. "आंटी, आखिर में अम्मी किसीकू पहचानते थे क्या?"

"हो," मी म्हटलं. "मला ओळखायच्या."

तिला बरं वाटलं. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.