राउंड आला की उठायचं

मी उठले आणि ते बसले.

झालं एवढंच. कोणी शिवी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. विद्यापीठाची मीटिंग रूम. लांब टेबल, एसी, प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली. टेबलाच्या टोकाला हात असलेली मोठी खुर्ची, अध्यक्षाची. तिच्यात मी बसले होते, कारण अध्यक्ष मी होते. मेडिकल कॉलेजचे डीन नेहमीप्रमाणे उशिरा आले. दार उघडलं आणि मी ताडकन उभी राहिले. त्यांना वाटलं, मी खुर्ची रिकामी करून देतेय. की तसं वाटल्याचं त्यांनी दाखवलं, ते मला आजही माहीत नाही. "थँक्यू, सिस्टर," म्हणाले, खुर्ची ओढली आणि बसले.

माझी फाईल त्यांच्या कोपराखाली अडकली होती. ती ओढून काढावी लागली. मग मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. डेंटलचे प्राचार्य मोबाईलकडे बघत हसले.

मी सिस्टर होते. वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या. मग शिकवायला लागले, पीएच.डी. केली, नर्सिंग कॉलेजची प्राचार्य झाले. तरी डीनसाहेबांसाठी मी सिस्टरच. फिजिओथेरपीच्या प्राचार्यांना ते मॅडम म्हणतात.

आमच्या विद्यापीठात आरोग्याची पाच कॉलेजं आहेत. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, फिजिओथेरपी आणि नर्सिंग. सगळ्यांना मिळून एकच हॉस्पिटल, आणि ते मेडिकलच्या ताब्यात. उरलेले सगळे तिथे पाहुणे. कुणाची मुलं कुठल्या वॉर्डात, लेक्चर हॉल कुणाला, यावरून रोज खटके. म्हणून कुलगुरूंनी समन्वय परिषद काढली. पाच प्राचार्य आणि त्यांतला एक अध्यक्ष. मेडिकलला डेंटलच्या हाताखाली बसायचं नव्हतं, डेंटलला मेडिकलच्या. आयुर्वेदाला दोघंही मोजत नव्हते. म्हणून मी. कुलगुरू म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांशी जमवून घेता." मी ती स्तुती समजले.

नेमणूक जाहीर झाली त्या दिवशी डीनसाहेब चहाचा कप हातात धरून म्हणाले होते, "चला, या वेळी कुलगुरूंनी सामाजिक न्याय केला." मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. डेंटलचे म्हणाले, "अहो, अध्यक्ष म्हणजे काय, व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन!" हसले सगळे. मीही हसले. जमवून घेतलं.

पण त्या दिवशीची मीटिंग माझ्या पदासाठी नव्हती. ती अश्विनीसाठी होती.

अश्विनी आमच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. शहराने गिळलेल्या एका गावची. जमीन बिल्डरकडे गेली, वडील टेम्पो चालवतात. मेडिसिनच्या वॉर्डात तिची पोस्टिंग होती. एका आजींना अर्धांगवायू झाला होता. अश्विनी कॉटच्या कडेला बसून, त्यांची मान आपल्या दंडावर टेकवून चमच्याने पेज भरवत होती. तेवढ्यात राउंड आला. पुढे युनिट हेड, मागे निवासी डॉक्टर, त्यांच्या मागे एमबीबीएसची मुलं. वॉर्डातल्या सगळ्या नर्स उठल्या. अश्विनी उठली नाही.

युनिट हेड म्हणाले, "उठायला शिकवलं नाही का?"

ती म्हणाली, "सर, आजींच्या तोंडात घास हाय."

'हाय' ऐकून मागची मुलं फिसकन हसली. युनिट हेडनी तिला तिथल्या तिथे वॉर्डाबाहेर काढलं. अख्ख्या राउंडसमोर माफी मागेपर्यंत हॉस्पिटलमध्ये पाय ठेवायचा नाही. ती म्हणाली, माफी कशाची? पोस्टिंग बंद झाली. वॉर्डातले तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष जाणार.

दोन कॉलेजांमधला वाद, म्हणून परिषदेपुढे आला. मला वाटलं होतं, बरं झालं. अध्यक्ष मी आहे. अश्विनीला मी सांगितलंही होतं, "काळजी करू नको, मी आहे." तिला बोलवून घेतलं होतं, वेळ पडली तर तिचं म्हणणं मांडायला. ती मीटिंग रूमच्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली होती.

आणि मी उठले.

का उठले, हे मला नेमकं माहीत आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नाडी बघायला शिकवतात त्याच्याही आधी हे शिकवतात. राउंड आला की उठायचं. आमच्या ट्युटर पाठीमागून फिरायच्या. कोणी रेंगाळलं की पाठीत बोट खुपसायच्या. पुढे बोटाची गरज उरत नाही. बुटांचा आवाज पुरतो. आमच्या कॉलेजात आजही हेच शिकवतात.

आणि त्याच्या आधीचंही आहे. माझे वडील शनिवार पेठेतल्या एका शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर त्यांचं स्टूल होतं. त्या स्टुलावर ते पूर्ण कधी बसलेच नाहीत. कडेवर टेकायचे. दाराची कडी वाजायच्या आत उभे असायचे. मी दुपारी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन थांबायची, तेव्हा बघायची. बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत तेच वडील भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आम्हाला सांगायचे, "आपल्या घरात देव्हारा नाही. वाकायचं कुणापुढेच नाही." सांगायचे मनापासून. सकाळी जाऊन पुन्हा स्टुलाच्या कडेवर टेकायचे.

मला वाटत होतं, मी त्या स्टुलापासून फार लांब आले. पीएच.डी.पर्यंत आले. गुडघे आले नव्हते.

मीटिंग सुरू झाली. सुरू कोणी केली? डीनसाहेबांनी. खुर्चीत तेच होते.

"शिस्तीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मुलगी उठली नाही, वर उलट उत्तर दिलं."

मी म्हणाले, "सर, ती पेशंटला भरवत होती. मध्येच उठली असती तर पेज श्वासनलिकेत गेली असती."

"भरवायला मावश्या आहेत की हॉस्पिटलमध्ये."

"भरवणं हे तिच्या अभ्यासक्रमात आहे."

"उठणं नाही का?"

हशा. मी बाजूच्या खुर्चीत बसून बोलत होते आणि माझं बोलणं बाजूच्या खुर्चीतलंच वाटत होतं. तक्रार केल्यासारखं. टोकाच्या खुर्चीतून तीच वाक्यं वेगळी वाटली असती का? असती. नसतीही.

फिजिओच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "माफी मागितली तर विषय संपेल ना? मुलीचं वर्ष तरी वाचेल." आयुर्वेदाच्या प्राचार्यांनी मान हलवली. डेंटलचे म्हणाले, "मला पुढे ओपीडी आहे हो."

डीनसाहेब म्हणाले, "मग ठरलं. सिस्टर, तुम्ही तिच्याशी बोलून घ्या. समन्वय तुमच्याकडेच आहे ना?"

'मग ठरलं' हे वाक्य अध्यक्षाचं असतं. ते माझं होतं.

बाहेर आले. अश्विनी बाकावरून उठली. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "दिसलं मला मॅडम."

"काय दिसलं?"

"तुमीबी उठला."

टोमणा नव्हता त्यात. चार्टवर ताप लिहितात तसं म्हणाली. मी तिला परिषदेचा निर्णय सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. माझ्या केबिनमध्ये, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मॅडम, पोरीला समजत नाय. मागंल ती माफी. वरीस जायला नको." मी म्हणाले, "तिची चूक नाहीये." ते म्हणाले, "ते हाय वो. पण वरीस जाईल." मी प्राचार्य होते, परिषदेची अध्यक्ष होते, आणि टेम्पो चालवणाऱ्या माणसाला माझ्या अधिकाराची खरी लांबीरुंदी माझ्यापेक्षा नीट कळली होती.

तिने माफी मागितली. मी मुद्दाम वॉर्डात गेले, तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून. राउंड थांबला. ती बोलली. एकही 'हाय' येऊ न देता, पाठ केलेल्या शुद्ध भाषेत. युनिट हेड म्हणाले, "व्हेरी गुड. आता बाकीच्यांनाही शिकव." पुढच्या कॉटकडे गेले. त्या आजी तोवर घरी गेल्या होत्या.

अश्विनीची पोस्टिंग पुन्हा सुरू झाली. वर्ष वाचलं. सगळे म्हणाले, झालं ना नीट!

नीट काय झालं ते सांगते. अश्विनी आता वॉर्डात बसत नाही. राउंड असो, नसो. इंजेक्शन उभी, चार्ट उभी, पेशंटला भरवायचं तेही उभी राहून. पेशंटला मान वर करून घास घ्यावा लागतो. मी तिला विचारलं, पाय दुखत नाहीत का? म्हणाली, "नाही मॅडम. परत उठायचा प्रश्नच नको."

पुढच्या मीटिंगला मी सगळ्यांच्या आधी गेले. टोकाच्या खुर्चीत बसले. पाय खुर्चीच्या आडव्या दांडीमागे अडकवले. हसू येईल कोणाला, पण मला माझी खात्री नव्हती. डीनसाहेब आले. गुडघ्यांना झटका बसला, मांड्या ताठ झाल्या. मी बसून राहिले. ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन थांबले. वाट बघत.

"सिस्टर?"

"तुमची खुर्ची तिकडे आहे, सर."

ते गेले नाहीत, बसलेही नाहीत. मी विषय वाचला. रुग्णाजवळ काम करणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याने कुणासाठीही उठायचं नाही, पाचही कॉलेजांना लागू. डीनसाहेब म्हणाले, "हा माझ्या हॉस्पिटलचा विषय आहे. परिषदेचा नाही." आणि निघून गेले. डेंटलच्यांना ओपीडी आठवली. आयुर्वेदाच्या प्राचार्यांना कोणाचा तरी फोन आला. फिजिओच्या मॅडम चहा संपेपर्यंत थांबल्या.

कुलगुरूंनी बोलावलं. "मॅडम, खुर्चीवरून कशाला एवढं ताणायचं?"

"सर, खुर्ची तुम्हीच दिली होती."

"हो, पण समन्वयासाठी!"

महिना संपायच्या आत अध्यक्षपद ज्येष्ठतेनुसार द्यायचं ठरलं. ज्येष्ठ डीनसाहेबच. माझा विषय पुन्हा कधी टेबलावर आला नाही, येणारही नाही. मी परिषदेची सदस्य आहे, मीटिंगला जाते. ते येतात तेव्हा बाकीचे थोडे उठल्यासारखे करतात. मी बसून असते. त्याने काही बदललेलं नाही. ते मला अजून सिस्टर म्हणतात.

माझ्या कॉलेजात मी सांगितलं आहे, राउंडला उठायचं पहिल्या वर्षाला शिकवायचं नाही. ट्युटर 'हो मॅडम' म्हणतात. मुली वॉर्डात जातात आणि दोन दिवसांत शिकून येतात. वॉर्ड माझा नाही.

पण प्राचार्यांनाही वॉर्डात जाऊन शिकवता येतं. तो हक्क अजून कोणी काढून घेतलेला नाही. काढतील. तोवर मी रोज सकाळी राउंडच्या वेळेला मेडिसिनच्या वॉर्डात जाते. ज्याला स्वतःच्या हाताने खाता येत नाही असा पेशंट बघते, स्टूल ओढते, बसते, भरवते. बूट वाजतात. वॉर्ड उठतो. मी नाही. पहिल्या दिवशी युनिट हेड म्हणाले, "काय मॅडम, तब्येत बरी नाही वाटतं?" मी म्हणाले, "उत्तम आहे. आवाज जरा कमी ठेवा, यांच्या तोंडात घास हाय."

मागे कोणी हसलं नाही. कोणी उठायचं थांबलंही नाही.

अश्विनी समोरच्या कॉटपाशी होती. वाटी हातात, उभी. तिने माझ्याकडे बघितलं, राउंडकडे बघितलं. बसली नाही. आजही बसली नाही. मी तिला बस म्हणणार नाही. सांगून बसली तर तेही पाठीत बोट खुपसल्यासारखंच.

ती बसेल असं मला वाटत नाही. तरी तिच्यासमोरचं स्टूल मी रिकामं ठेवणार नाही. राउंड रोज येतो. मीही रोज येणार, सगळ्यांना दिसेल अशी बसणार. गुडघे अजून उठायला बघतात.

उठू देणार नाही.