चंदनसारच्या डिस्पॅचर क्लासविरुद्ध मी काढलेलं पत्रक

टाइल्सच्या दुकानावरचा तो बोर्ड मी पहिल्यांदा वाचला तेव्हाच त्यातली खोटी वाक्यं मोजली. ‘पाच आठवड्यांत प्रमाणित एअरक्राफ्ट डिस्पॅचर बना! शंभर टक्के नोकरी! मर्यादित जागा!’ तीन वाक्यं, तीन उद्गारचिन्हं. बाजूला निळ्या आभाळात एक विमान आणि हेडफोन लावलेली एक गोरी बाई. ती बाई चंदनसारला कधी आली नसणार, एवढं तरी मी छातीठोक सांगू शकत होते.

संशय घेणं हे माझं कामच आहे. कॉलेजात असल्यापासून मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. टँकरवाल्यांविरुद्ध लिहिली, अनधिकृत इमारतींत फ्लॅट विकणाऱ्यांविरुद्ध लिहिली, नोकरीचं आमिष दाखवून पोरापोरींना लुबाडणाऱ्या क्लासेसविरुद्ध तर ढिगाने. संघटना चालवतात त्या काकांनी मला हे शिकवलं. त्यांचे नियम दोनच. मथळा तीन पावलांत वाचून झाला पाहिजे, कारण चौथ्या पावलाला माणूस पत्रक फेकतो. आणि खाली आपलं नाव पाहिजे. बिननावाचं पत्रक काढायचं असेल तर घरी बसा, म्हणायचे.

त्या बोर्डाखालच्या जिन्याने एका सोमवारी माझी सख्खी ताई वर गेली आणि नाव नोंदवून आली.

ताई पाच वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला होती. काउंटरच्या जागी मशिनं येत होती. तिचा करार दोन महिन्यांनी संपणार होता आणि पुढचा मिळणार नाही, हे तिला तोंडावर सांगून झालं होतं. एकच फट उघडी होती. कंपनी ऑपरेशन्स रूममध्ये आतली माणसं घेणार होती, पण करार संपायच्या आत डिस्पॅचरचं प्रमाणपत्र हातात हवं. म्हणून हा पाच आठवड्यांचा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहाचा, घिसाडघाईचा कोर्स. बिनपगारी रजा टाकून.

“डिस्पॅचर म्हंजे काय गो?” बाबांनी विचारलं. बाबा अर्नाळ्याला तांडेल होते, मासेमारी होडीचे कप्तान. गुडघे गेल्यावर होडी चुलतभावाकडे देऊन आमच्याबरोबर चंदनसारच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसलेत आणि रोज खिडकीतून वारा बघतात.

ताईने सांगितलं. विमान सुटायच्या आधी हवामान, इंधन, वजन, रस्ता हे सगळं जमिनीवर बसून तपासायचं आणि कागदावर सही करायची. कॅप्टनची सही आणि डिस्पॅचरची सही, दोन्ही झाल्या तर विमान सुटतं.

“म्हंजे तू जमिनीवर बसून तांडेलाला सांगनार, होरी सोरू नको?”

“हो.”

“आनि तांडेल आयकनार?”

“ऐकावंच लागतं, बाबा.”

बाबा खोकला येईपर्यंत हसले. “मी तर पान्यात ढकलला असता त्याला.”

मी हसले नाही. मी विचारलं, “आणि हे सगळं पाच आठवड्यांत? इकडे बीएडला दोन वर्षं लागतात.”

“तुला बीएड करायचंय का? नाही ना? मग गप बस,” ताई म्हणाली.

गप बसणं मला जमत नाही. पहिल्या शनिवारी क्लासमध्ये पालकांना, नातेवाइकांना येऊन बघायची मुभा होती. मी गेले. खोलीत सात टेबलं, भिंतीवर नकाशे, कोपऱ्यात केळ्यांचा एक लोंगर. केळी शिकवणाऱ्या सरांनी आणलेली. सर नंदाखालचे, विमान कंपनीतून निवृत्त झालेले, वाडी सांभाळून रोज स्कूटरवरून येणारे. शर्टाच्या खिशाला दोऱ्याने बांधलेलं निळं पेन. मी मुद्दाम पुढे बसले.

“सर, शंभर टक्के नोकरी लागते का?”

“ते मालकांना विचारा. मी हवामान शिकवतो.”

“पण बोर्डावर लिहिलंय.”

“बोर्ड मी लिहिला नाही.”

“या क्लासला सरकारी मान्यता आहे?”

“आहे.”

“कागद दाखवता?”

“कागद मालकांच्या कपाटात. मालक सोमवारी येतात.” आणि मग माझ्याकडे बघून, “तू विद्यार्थिनी नाहीस ना? असतीस तर बरं झालं असतं.”

मी हे टोमणा म्हणून वहीत लिहून घेतलं. मालक सोमवारी येतात, कपाटाची किल्ली मालकाकडे, प्रश्न विचारला की टोमणा. फसव्या क्लासची सगळी लक्षणं मला पाठ होती. एकेक जुळत होतं.

दरम्यान घरी ताई फोल्डर घेऊन बसायची. सरांची शिकवायची पद्धत मला अजब वाटली. रोज दुपारी प्रत्येकाला एका काल्पनिक उड्डाणाचं फोल्डर द्यायचे. त्यात एक काहीतरी चुकीचं किंवा गायब असायचं, ते काय हे सांगायचे नाहीत. मग स्वतः कॅप्टन होऊन प्रत्येकाच्या डोक्याशी येऊन उभे राहायचे. चल, उशीर होतोय, प्रवासी बसलेत, कर सही. पहिल्या आठवड्यात सातही जणांनी रोज सही केली. एका दिवशी तर हवामानाचा अहवाल कालचा होता आणि कुणी तारीख बघितली नव्हती. सर नुसतं म्हणायचे, “सोडलंस विमान. गेलं ते.” आणि केळं हातात द्यायचे.

“हे शिकवणं आहे? पोरांना फसवायचं?” मी म्हटलं.

“तू कॅप्टन हो,” ताई म्हणाली. “मला घाई कर.”

मी कॅप्टन झाले. घाई करणं, दबाव आणणं मला येतं. मी टेबल ठोकलं, आवाज चढवला. ताईने मान वर केली नाही. आधी प्रत्येक कागदाचा वरचा कोपरा बघितला, कधीचा आहे ते. मग वाचायला सुरुवात. मला ते फार हळू वाटलं.

पत्रक मी दुसऱ्या आठवड्यात काढलं. ताईला सांगितलं नाही. संघटनेच्या कपाटात ‘क्लासेस’ नावाची फाइल आहे, त्यात विमान खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी होती. त्या यादीत या क्लासचं नाव नव्हतं. मी तीनदा बघितलं, वरून खाली, खालून वर. नव्हतंच. रक्त तापलं माझं. दुपारी बसून एका झटक्यात लिहून काढलं. मथळा: ‘पाच आठवड्यांत विमान? की पाच आठवड्यांत टोपी?’ तीन पावलांत वाचून होणारा. आत यादीचा दाखला. खाली संघटनेचं नाव आणि माझं नाव. नाक्यावर उभी राहून मी स्वतः वाटलं, एक गठ्ठा जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला. काकांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी ताई साडेचारलाच घरी आली. पत्रकाची घडी उलगडून टेबलावर ठेवली. मी भांडणाची तयारी केली होती. तिने भांडण केलं नाही.

“तिघं सोडून गेले,” ती म्हणाली. “चार उरलो. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो, तो किमान पाच जण असतील तरच. पुढची तारीख तीन महिन्यांनी.”

तीन महिन्यांनी तिचा करार संपलेला असणार. 

“क्लासच खोटा असेल तर परीक्षक तरी खरा कशावरून?” मी म्हटलं. “यादीत नाव नाही, ताई. मी स्वतः बघितलं.”

“यादी कधीची होती?”

मी पत्रक परत वाचायला घेतलं.

“कोपऱ्यात तारीख असेल ना. काय होती?”

मला आठवेना, कारण मी बघितलीच नव्हती. नाव शोधत होते, आणि जे नाव सापडू नये असं मला वाटत होतं ते सापडलं नाही.

“जा, बघून ये,” ती म्हणाली आणि पंख्याखाली आडवी झाली.

यादी दोन वर्षांपूर्वीची होती. मीच कधीतरी छापून फाइलला लावलेली. नवी यादी मोबाइलवर दहा मिनिटांत मिळाली आणि क्लासचं नाव तिच्यात होतं, पत्त्यासकट, टाइल्सच्या दुकानासकट. तरी माझा विश्वास बसेना. खात्याच्या चौकशी क्रमांकावर फोन लावला, तासभर संगीत ऐकलं, आणि एका कंटाळलेल्या बाईने सांगितलं, “हो मॅडम, आहे मान्यता. अजून काही?”

मी काकांकडे गेले. म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढायचंय.

काका म्हणाले, “पत्रक मागे घ्यायचं नसतं. एकदा घेतलंस की पुढची दहा कुणी वाचत नाही. शंभर टक्के नोकरी हे खोटं आहे ना? मग त्याच्यावर अजून एक काढ.”

“पण मान्यतेचं आपण खोटं लिहिलं.”

“चुकून लिहिलं.”

“टँकरवालेपण चुकूनच म्हणतात, काका.”

त्यानंतर आमचं बोलणं बरेच दिवस बंद होतं. दुसऱ्या पत्रकावर संघटनेचं नाव टाकायला त्यांनी मनाई केली. मी नुसतं माझं टाकायचं ठरवलं.

ते लिहायला मला पूर्ण दिवस लागला. मथळा जमेना. ‘माझी चूक’ हे दोन शब्द तीन पावलं चालायच्या आत वाचून होतात, पण लिहायला हात वळत नव्हता. शेवटी कच्चा कागद ताईसमोर ठेवला. तिने आधी कोपरा बघितला. “तारीख टाक.” मग पेन घेतलं. ‘अनवधानाने’ खोडलं. ‘काही प्रमाणात गैरसमज’ खोडलं. ‘शंभर टक्के नोकरीचा दावा मात्र खोटा आहे, त्याला पुरावा नाही’ या वाक्याशी ती थांबली. मला वाटलं, हेही जाणार, मालकाला राग येईल म्हणून.

“हे राहू दे,” ती म्हणाली. “हे बरोबर आहे. खाली नाव लिही आता.”

सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघांनी दुसरा कोर्स धरला होता. उरली आचोळ्याची एक मुलगी. मी तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं, पण आत घेतलं नाही. पत्रक दारातच वाचलं, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी होती तरी.

“आधीचं तूच काढलेलंस ना?”

“हो.”

“मग हे खरं कशावरून?”

मला राग आला. खरंच आला. चूक कबूल करायला उन्हातून चालत आलेय आणि ही माझीच उलटतपासणी घेतेय! तोंडावर आलं होतं, नको येऊस जा. पण ताईचा चेहरा डोळ्यांपुढे होता, पंख्याखालचा.

“कशावरूनही नाही,” मी म्हटलं. “हा खात्याचा नंबर. तू लाव. एक तास संगीत वाजेल.”

“आणि तो क्लासवालाच उचलणार नाही कशावरून?”

“नंबरपण माझ्याकडून घेऊ नकोस. तू शोध.”

तिने दार लावून घेतलं. मी जिन्यावर बसून राहिले. तासाभराने दार उघडलं आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. “दोन वेळा लावला,” म्हणाली. “दोन वेगळ्या बायका होत्या. दोघी हो म्हणाल्या. पण तुझ्यामुळे माझे पाच दिवस बुडले, ते कोण भरून देणार?”

ते ताईने भरून दिले. रोज संध्याकाळी ती आचोळ्याला जायची, फोल्डरं घेऊन. मी कॅप्टन म्हणून बरोबर जायचे. टेबल ठोकायचे, घाई करायचे. दोघीही माझ्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत.

परीक्षक आला. पाच जण बसले. मी खाली टाइल्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. ताई अडीच तासांनी खाली आली.

“झालं?”

“झालं. मला विचारलं, सही करणार का. मी म्हटलं नाही. म्हणाला, प्रवासी बसलेत. मी म्हटलं, बसू देत. पर्यायी विमानतळाचं हवामान शिळं होतं.”

“मग?”

“मग काय, हसला.”

पाचांतले चौघं पास झाले. आचोळ्याची मुलगी पास झाली. ताईचं प्रमाणपत्र आल्यावर मी आधी कोपऱ्यातली तारीख बघितली, मग शिक्का उजेडात धरला. ताई म्हणाली, “चाव त्याला, सोनं असेल तर कळेल.” बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, “यात वारा कुठं लिवलाय?”

दुसऱ्या दिवशी क्लासचा मालक घरी आला. मला वाटलं, पत्रकाबद्दल भांडायला आला. तो पेढे घेऊन आला होता. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ताईसमोर एक छापील कागद ठेवला: बोर्डावर तिचा फोटो लावायची परवानगी. फोटोखाली ओळ असणार होती, ‘आमची विद्यार्थिनी, नोकरी पक्की!’

“इथे सही करा फक्त,” तो म्हणाला. “बोर्डवाला खाली थांबलाय.”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. या वेळी मी खरंच तोंड बंद ठेवलं. ताईने कागद जवळ ओढला, वरचा कोपरा बघितला, मग ती ओळ वाचली.

“नोकरी कुठे लागली? मी परीक्षा पास झालेय.”

“लागेलच हो, एवढं काय.”

“लागली की सांगते,” ताई म्हणाली आणि कागद परत सरकवला. “बोर्डवाल्याला जाऊ दे घरी.”

नोकरी दोन आठवड्यांनी लागली, करार संपायच्या नऊ दिवस आधी. मालकाचे दोन फोन येऊन गेले. तिने उचलले नाहीत. बोर्डावर अजून ती गोरी बाईच आहे, आणि तिच्या डोक्यावर ‘शंभर टक्के’ तसंच. त्याच्यावरचं तिसरं पत्रक मी लिहून ठेवलंय. ताईने अजून वाचलेलं नाही, म्हणून ते छापलेलं नाही.