पहिल्या पानावरच्या बायका

आधी वैजयंती आगाशे काकूंचं नाव लिहितो, मग बाकीचं. उज्जैनमधल्या एका मराठी महिला मंडळाच्या त्या सचिव. त्या दुपारी त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं, तर मी आज फ्रीगंजच्या ऑफिसात बसून हे लिहीत नसतो. हिंगोलीकडे आमच्या गावी, टपरीत मोबाइलच्या काचा बदलत असतो.

फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो.

"अरे, काळेला आमंत्रण गेलं आणि कुलकर्णीला गेलं नाही. असं कसं?"

दुसऱ्या दिवशी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. आमंत्रणं त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या सॉफ्टवेअरमधून जाणार होती, आणि ते सॉफ्टवेअर मी एकट्याने केलं होतं.

"काकू, सगळ्यांना टिक केलं होतं ना?"

"वरच्या चौकोनात टिक केली. खालचे सगळे चौकोन पटापट भरले. माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग 'आमंत्रण पाठवा' दाबलं."

"तेव्हा कुलकर्णी वहिनींचं नाव दिसत होतं?"

"नाही रे. स्क्रीनवर काळेपर्यंतच तर होतं."

पोह्यांवरची शेव एकदम कडू लागायला लागली.

काय झालं होतं ते सांगतो. स्क्रीनवर नावांचा जो तक्ता दिसतो त्याला आमच्यात ग्रिड म्हणतात. सभासद शेकड्यांनी असले की सगळे एकदम दाखवत नाहीत, ब्राउझर दमतो. पंगती बसवाव्यात तशी पानं करतात. पहिल्या पानावर पंचवीस नावं, 'पुढे' दाबलं की पुढची पंचवीस. आता वाढप्याला म्हटलं, "सगळ्यांना जिलबी वाढ," तर तो बसलेल्या पंगतीलाच वाढणार. बाहेर चपला सांभाळत उभे असलेले त्याच्या हिशेबात नाहीत. वरच्या चौकोनातली टिक अशीच. ग्रिड तयार मिळालं होतं, त्याची टिक फक्त समोरच्या पानापुरती. नावं आडनावाच्या क्रमाने. म्हणजे आगाशे, आपटे, इंगळे, ओक, कानेटकर अशा सगळ्या बोलावल्या गेल्या आणि काळेंवर पान संपलं. कुलकर्णींपासून पुढचं अख्खं उज्जैन बाहेर चपलांपाशी.

त्यात काळे वहिनी आणि कुलकर्णी वहिनी समोरासमोर राहतात.

"कुलकर्णी चिडलीय," काकू म्हणाल्या. "तुमच्या मालवीय सरांना फोन करते म्हणतेय."

हे ऐकल्यावर मी बसलो होतो तिथेच उभा राहिलो. कुलकर्णी वहिनी मंडळाच्या माजी अध्यक्षा. हे काम आमच्या ऑफिसला त्यांच्याच शब्दावर मिळालेलं. आणि मी अजून कच्चा, नोकरी कायम झालेली नव्हती. नोकरीवर घेताना मालवीय सरांनी डिग्री विचारली होती. मी नववीत शाळा सोडलेली, जे काही शिकलो ते फोनवर बघून. सर म्हणाले होते, "देख भिया, काम तू अच्छा करता है. पर डिग्री है नहीं, तो शिकायत भी नहीं आनी चाहिए. एक आई, तो तू घर."

काकूंना हे मी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. जरा जास्तच बोललो.

"बरं," काकू म्हणाल्या. "मी तिला फोनवर घेते. तू ऐक. तोंड उघडायचं नाही."

कुलकर्णी वहिनी लाइनवर आल्या त्या बोलतच आल्या. "वैजू, माझ्याशी बोलूच नकोस. ती काळे सकाळपासून गॅलरीतून विचारतेय, 'तुम्हाला नाही आलं? असेल हो काही कारण.'"

"कारण आहेच. तिला कामाला बोलावलंय."

"कामाला?"

"मग? तिळाच्या वड्या कोण लाटणार? वाणाचे डबे कोण बांधणार? तुला लाटायला बसवू का मी? माजी अध्यक्षेला? पाहुण्यांचं आमंत्रण संध्याकाळी निघतंय."

"अस्सं." आवाजात साखर पडली. "काळेला हे माहीत आहे?"

"कळेल आता."

"घाई नको गं करू. जरा मिरवू दे तिला."

फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या, "आता खोटं बोललेय, ते खरं करायचं तुझ्याकडे. पहिल्या पानावरच्यांना मेसेज टाक. उद्या दुपारी हॉलवर या, येताना पोळपाट-लाटणं आणा. आणि बाकीच्यांना संध्याकाळच्या आत आमंत्रण."

"काकू, तुम्हीपण पहिल्या पानावर आहात."

"आगाशे आणखी कुठे असणार? लाटीन की मीपण."

पहिला मेसेज सोपा होता, त्या पानावर टिक चालतच होती. बाकीच्यांसाठी मी भीत भीत सुचवलं, "एकेक पान उलटून टिक करत पाठवायचं का?"

"म्हणजे जोशींना चारला आणि साठ्यांना पाचला? सगळ्यांना एका दमात गेलं पाहिजे. नाहीतर मला सगळ्यांच्याच हातात लाटणी द्यावी लागतील."

एक चुकीचा उपाय मला लगेच सुचला. सगळी पानं ब्राउझरमध्ये एकदम ओढायची आणि टिक करायची. म्हणजे सगळ्या पंगती एकाच वेळी एकाच चटईवर. पन्नास माणसांत निभेल, शेकड्यांत चटई फाटते. बरोबर उपाय असा की ब्राउझरला नावं गोळाच करायला लावायची नाहीत. सगळी नावं ज्या कंप्युटरवर असतात, त्या सर्व्हरला नुसती अट सांगायची. तो आपल्याकडच्या सगळ्या नावांना ती अट लावतो. पान पहिलं का नववं, त्याला काही घेणं नाही.

मी लिहिलं. अट एकच घातली: आज आमंत्रण गेलेलं नाही असे सगळे. पाठवण्याआधी कोणाकोणाला जाईल ते दाखवणारी चाचणी लावली आणि काकूंना आकडा वाचून दाखवला.

"एवढ्या बायका आपल्या मंडळात कधीपासून?" काकू म्हणाल्या. "शेवटची नावं वाच बरं."

मी वाचायला लागलो. सभासदांच्या खाली कामापुरते नंबर घातलेले लोक होते. मंडपवाला. हॉलचा चौकीदार. देणगी देणारे एक रिटायर्ड बँक मॅनेजर. आणि सॉफ्टवेअर बघायला सरांनी स्वतःचाच नंबर घातला होता, म्हणून मालवीय सर.

मागून आवाज आला, "मुझे भी बुला रहे हो? साड़ी पहन के आऊँ क्या?"

सर चहाचा कप घेऊन पाठीशी उभे. कधीपासून, देव जाणे. फोनमधून काकूंनी ऐकलंच. "सर, आ जाइए," त्या हिंदीत म्हणाल्या, "पर लाटणं लेके आना."

सर हसले. मी हसलो नाही. मी दुसरी अट घालत होतो: महिला सभासद. आकडा बसला. काकू "हं" म्हणाल्या आणि मी बटण दाबलं. कुलकर्णींपासून क्षीरसागरांपर्यंत एका दमात गेलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मलाही हॉलवर बोलावलं. "सॉफ्टवेअर तुझं, तर डबेही तूच उचल." दुपारी पहिलं पान आलं. काळे वहिनी काळी चंद्रकळा आणि नथ घालून, हातात लाटणं. तीळ-गुळाचा गोळा पोळपाटावर असा आपटत होत्या की मी डबे उचलून लांब जाऊन बसलो. शेजारी आगाशे काकू निमूट लाटत होत्या, त्यामुळे कोणाला काही बोलताही येईना. सचिवच कामाला आहे म्हटल्यावर तक्रार करायची कोणाकडे?

संध्याकाळी कुलकर्णी वहिनी आल्या. वडी तोंडात टाकली. "काळे, काय सुरेख लाटल्यास गं! हात आहे हो तुला."

काळे वहिनींनी हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू जरा जोरातच लावलं.

कुलकर्णी वहिनींनी सरांना फोन केलाच, पण कौतुकाचा. सोमवारी सर माझ्या टेबलाशी आले. "भिया, मैडम बोल रही थीं, सॉफ्टवेयर इज्जत रखता है. ये इज्जत वाला फीचर कौन सा है?"

"फिल्टर, सर. ती अट घालायची सोय."

"अच्छा. सब क्लाइंट में डाल दे." दारापर्यंत जाऊन वळले. "और सुन, तू पक्का."

मी घरी आईला फोन केला. पक्का म्हणजे काय ते तिला लगेच कळलं, ग्रिड काही कळलं नाही.

पुढच्या वर्षी पहिल्या पानाने बैठकीत आवाज उठवला: आम्हीच का पुन्हा? म्हणून आता मंडळात पाळी ठरली आहे, दर संक्रांतीला एक पान कामाला. यंदा दुसरं पान होतं. कुलकर्णी वहिनी दुपारी आल्या, पोळपाट घेऊन. काळे वहिनी संध्याकाळी आल्या, अगदी सावकाश.

या धंद्यातलं मला कळलं ते एवढंच: टिक सगळीकडे दिसली म्हणून सगळे आले असं होत नाही. पान उलटून बघावं. आणि उलटलं की तिथे चौकीदार नाही ना, तेही बघावं.

राहिलं ते काकूंचं देणं. पानं फिरत फिरत एक दिवस पहिल्या पानाची पाळी पुन्हा येईल. तेव्हा आईला गावाहून घेऊन येईन. काकूंच्या वाट्याच्या वड्या आम्ही दोघं लाटू आणि काकू संध्याकाळी येतील, नथ घालून, पाहुण्या म्हणून.